रोजकीर्द आणि रहस्यकथा

डोंबिवलीचा अर्वाचीन इतिहास लिहू इच्छिणाऱ्याने सर्वांत आधी रेल्वेचे दप्तर उघडावे. बोरीबंदर ते ठाणे हा लोहमार्ग १८५३ च्या एप्रिलात खुला झाला आणि पुढच्याच वर्षी तो खाडी ओलांडून कल्याणला पोहोचला; त्या वाटेवर भातखाचरे, खाजणे आणि आगरी-कोळ्यांचे पाडे यांच्या संगतीने नांदणाऱ्या या गावाच्या पदरी पुढे स्थानक पडले, आणि गिरगाव-दादरच्या चाळींत ज्यांना दुसरी खोली परवडत नव्हती अशा मराठी पांढरपेशा कुटुंबांनी विसाव्या शतकात इथे हळूहळू आपले बिऱ्हाड हलवले. मुंबईपासूनचे अंतर ४८ किलोमीटर. जाताना तासाहून अधिक, येताना तासाहून अधिक, असा नोकरीच्या तीस-पस्तीस वर्षांतला जो काळ या गावच्या माणसाने गाडीत घालवला, त्याचा हिशेब मांडला तर कित्येक पूर्ण वर्षे भरतील. ती वर्षे कुणी भजनात घालवली, कुणी मांडीवर रुमाल पसरून पत्त्यांत. आणि फार मोठ्या संख्येने माणसांनी ती वाचनात घालवली.

गाडीतल्या वाचकाची गरज विशेष असते. एका हाताने वरची कडी धरून दुसऱ्या हातात मावेल एवढे लहान पुस्तक, कळवा-मुंब्र्याच्या दरम्यान गर्दीने दोन डोक्यांच्या मध्ये दाबले तरी सूत्र तुटणार नाही असे कथानक, आणि उतरायच्या वेळी प्रकरण अर्धे राहिले तर संध्याकाळपर्यंत मनाला लागणारी हुरहुर, हे तिन्ही गुण रहस्यकथेत एकत्र नांदत होते. म्हणून किराणा, छत्र्या किंवा शिलाई यांच्या दुकानाशेजारच्या एखाद्या खणात जी भाड्याच्या पुस्तकांची वाचनालये निघाली, त्यांचा दर्शनी फळा कादंबऱ्यांनी भरलेला असला तरी संसार रहस्यकथांवर चाले. खाकी कागदाचे वेष्टन, कण्यावर शाईने घातलेला क्रमांक, आतल्या पानावर परतीच्या तारखांचे जांभळे शिक्के एकावर एक चढलेले: अशी ती पुस्तके मी लहानपणी शेकड्यांनी हाताळली आहेत.

त्यांतली बहुसंख्य बाबूराव अर्नाळकरांची. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे मूळ नाव. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखकाने धनंजय, झुंजार आणि काळा पहाड ही नावे मराठी घराघरांत पोहोचवली. त्यांच्याआधी गोविंद नारायण दातारशास्त्र्यांनी इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्स याच्या अद्भुत कथानकांना मराठी वेष चढवला होता आणि नाथमाधवांनी ‘रायक्लब अथवा सोनेरी टोळी’ लिहून गुन्हेगारांच्या टोळीला मराठी कादंबरीत प्रवेश दिला होता. परंतु केवळ मजकुराच्या ओढीने अक्षरशत्रूला वाचनाकडे खेचून आणण्याचे सामर्थ्य अर्नाळकरांइतके दुसऱ्या कुणात नव्हते, आणि साहित्याच्या इतिहासकारांनी या उपकाराची नोंद फार कंजूषपणे केली आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही त्या कथांतला गुन्हा हा रात्रीचा गुन्हा होता. वेषांतर, पिस्तूल, तळघर, भरधाव मोटार आणि मलबार हिलवरचा बंगला. आणि तो वाचणारा माणूस मात्र दिवसभर टेबलाशी बसून ज्या गुन्ह्यावर पहारा देत होता, तो उजेडातला, शाईचा आणि कागदाचा गुन्हा होता. माझे वडील फोर्टातील एका पेढीत हिशेबखात्यावर कारकून होते. त्यांना मी कधी धावताना पाहिले नाही; पण एखाद्या पावतीवर नजर फिरवताना त्यांच्या मुद्रेवर जी एकाग्रता येई, ती मला पुढे कोणत्याही गुप्तहेराच्या वर्णनात सापडली नाही.

ती विद्या त्यांनी मला रविवारी दुपारी शिकवली. आकडा आणि अक्षर यांची रुजुवात आधी करायची, हा पहिला पाठ. देवनागरी १ ला किंचित वळण दिले की त्याचा ९ होतो, म्हणून रक्कम अक्षरी लिहायची. अक्षरी रकमेपुढे जागा उरली तर तिथे कुणी आणखी एखादा शब्द घुसवील, म्हणून शेवटी ‘मात्र’ लिहून दार लावून घ्यायचे. खाडाखोड झाली तर चुकलेला आकडा खरवडायचा नाही, त्यावर एकच आडवी रेघ मारून वर नवा आकडा आणि बाजूला सही. कारण खरवडलेला कागद उजेडासमोर धरला की तेवढ्या जागी पातळ दिसतो आणि प्रामाणिक माणसावरही किटाळ येते. त्यांनी मला एक जुनी हुंडी दाखवली होती. तिच्यात शंभर रुपयांची रक्कम लिहून झाल्यावर ‘निमे रुपये पन्नास, त्याचे दुप्पट’ अशा आशयाचे शब्द होते. एकाच रकमेला आकड्याचा, अक्षराचा आणि निम्म्याचा असे तीन जामीन! पैसे चुकते होऊन निकालात निघालेल्या हुंडीला खोखा म्हणत. मूळ हुंडी गहाळ झाली तर पेठ आणि तीही हरवली तर परपेठ लिहून देत. दर्शनी, मुदती, शहाजोग, धनीजोग असे तिचे प्रकार. सराफकट्ट्यावरच्या ज्या पिढ्यांनी हे संकेत घडवले, त्यांनी प्रत्येक संकेतामागे एक घडून गेलेली लबाडी पाहिलेली असली पाहिजे. म्हणजे ही परिभाषा हाच आपल्या आर्थिक गुन्हेगारीचा एक संक्षिप्त इतिहास आहे.

‘अफरातफर’ हा शब्दही मला त्यांच्याकडूनच मिळाला. चोरीत वस्तू जागची नाहीशी होते आणि अफरातफरीत ती कागदावर जागच्या जागी असते, हा भेद त्यांनी मला दोन वह्या शेजारी ठेवून समजावला. रोजकिर्दीत आलेला पैसा खतावणीत उतरताना वाटेत कुठे वळला, हे शोधायला दुर्बीण लागत नाही. त्याला लागतात फक्त दोन बोटे, एक या वहीवर आणि एक त्या वहीवर, आणि सारख्या गतीने खाली सरकत जाणारी चिकाटी.

अशा माणसांनी भरलेल्या गाडीत १९५८ च्या जानेवारी-फेब्रुवारीत काय वाचले जात होते, हे मला चांगले आठवते. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे भाग १९५७ च्या जूनमध्ये घेतले. डिसेंबरात फिरोज गांधींनी लोकसभेत त्या व्यवहाराला वाचा फोडली. आणि चौकशीचे काम मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती मोहम्मद करीम छागला यांच्या एकसदस्य आयोगाकडे आले. जबान्या मुंबईत, खुल्या चौकशीत झाल्या आणि श्रोत्यांची इतकी दाटी होई की बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. वडील ते रकाने घरी आणून पुन्हा वाचत. त्यांच्या दृष्टीने प्रश्न फार साधे होते: भाव कोणत्या दिवशीचा धरला, तोंडी हुकूम कुणी दिला आणि गुंतवणूक समितीला आधी का विचारले नाही. एकही पिस्तूल न उडता, केवळ तारखांच्या रुजुवातीवर केंद्रीय मंत्री पदच्युत होतो, हे त्या दोन महिन्यांत डोंबिवलीच्या गाडीने पाहिले, आणि कारकुनी ही किती मोठी शक्ती आहे याचा एक मूक अभिमान त्या माणसांच्या बोलण्यात काही दिवस तरी होता.

असाच कागदोपत्री मजकूर विलायतेत त्याआधीच कथावस्तू झाला होता. मायकेल गिल्बर्ट हा लंडनच्या लिंकन्स इनमधील एका पेढीतला सॉलिसिटर. केंट परगण्यातून तो रोज आगगाडीने कचेरीत येई आणि त्या प्रवासात, सुमारे पाचशे शब्दांच्या रतिबाने, आपल्या कादंबऱ्या लिही. संध्याकाळ घरच्यांसाठी राखलेली. त्याच्या ‘स्मॉलबोन डिसीज्ड’ या १९५० च्या कादंबरीत वकिलांच्या कचेरीतली दस्तऐवजांची पत्र्याची पेटी उघडली जाते आणि तीत कागदांऐवजी एका विश्वस्ताचे प्रेत निघते. पुढचा सारा शोध दप्तर लावण्याची पद्धत, टंकलेखिकांच्या हजेरीची वेळ आणि विश्वस्तनिधीचे हिशेब यांवर चालतो, आणि कथा आरंभापासून अखेरपर्यंत प्रसन्न राहते. ती मी प्रथम वाचली तेव्हा मला परक्या देशात आल्यासारखे मुळीच वाटले नाही. त्या कचेरीतला चहा, तिथली लहानसहान मानापमानाची प्रकरणे आणि कपाटांच्या किल्ल्यांवरून होणारी बोलाचाली मी जेवताना वडिलांच्या तोंडून ऐकलेली होती.

गिल्बर्टनंतरची पिढी सारा कॉडवेल हिची. चॅन्सरी न्यायालयात बॅरिस्टरी आणि पुढे लॉइड्स बँकेच्या विश्वस्तखात्यात नोकरी केलेल्या या विदुषीने आयुष्यात चारच रहस्यकादंबऱ्या लिहिल्या, पहिली १९८१ मध्ये आणि चौथी तिच्या निधनाच्या वर्षी, २००० मध्ये. तरुण बॅरिस्टर हे तिचे नायक. पहिल्या कादंबरीत व्हेनिसमध्ये खून होतो आणि एका बॅरिस्टर स्त्रीवर संशय येतो, कारण प्रेताजवळ तिची वित्त कायद्याची प्रत सापडते! या कथा सांगणारे हिलरी टॅमर हे ऑक्सफर्डचे प्राध्यापक पुरुष की स्त्री, हे चारही पुस्तकांत लेखिकेने कळू दिलेले नाही. हा प्रयोग मराठीत आणता येईल काय, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. ‘मी आलो’ म्हटले की पुरुष, ‘मी आले’ म्हटले की स्त्री. ‘मी पाहिले’, ‘मी विचारले’ ही सकर्मक रूपे आणि ‘सांगेन’, ‘जाईन’ ही भविष्यकाळाची रूपे लिंग झाकून ठेवतात, पण येणे-जाणे-बसणे-उठणे यांच्यावाचून कथा किती पाने चालेल? मग ध्यानात आले की आपल्या जुन्या निबंधकारांनी उत्तर केव्हाच देऊन ठेवले आहे. ‘आम्ही आलो’, ‘आम्ही बसलो’. त्या भारदस्त ‘आम्ही’च्या आड स्त्री-पुरुष दोघेही सुखाने राहतात, आणि प्राध्यापकाच्या तोंडी तो शोभतोही. कॉडवेलला मराठीत आणणाऱ्याने हा ‘आम्ही’ जरूर वापरावा.

मराठी रहस्यकथेत वकील आले. पुण्याच्या सुहास शिरवळकरांनी अमर विश्वास हा कायदेपंडित नायक उभा केला आणि एका पिढीने त्याच्यावर प्रेम केले. परंतु पेढी, ताळेबंद, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र यांच्याच पोटातून उलगडत जाणाऱ्या कथेची मराठीत समृद्ध परंपरा झाली नाही, याची मला मनापासून खंत वाटते. आणि डोंबिवलीच्या बाबतीत तर ती अधिकच वाटते. पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे यांचे वास्तव्य या गावात होते. ९० वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २०१७ मध्ये इथेच भरले तेव्हा त्या नगरीला भाव्यांचे नाव दिले होते. १९७० मध्ये या गावाने स्वतःची नागरी सहकारी बँक उभी केली. लेखक इथे होते, वाचक होते, हिशेब जाणणारे तर घरोघर होते. आणि रोजची गाडीही होती, जिच्यात एका विलायती सॉलिसिटराने आपला संसार सांभाळून कादंबऱ्या पुऱ्या केल्या होत्या.

लहानपणी मी जिथून पुस्तके आणी ते भाड्याचे वाचनालय बंद झाले तेव्हा मालकाने उरलेली पुस्तके नाममात्र किमतीत देऊन टाकली. मी आणलेल्यांपैकी एकात एक मुनीम मालकाच्या तिजोरीतून तीन खेपांत पैसे काढतो आणि शेवटच्या प्रकरणात गुप्तहेर एकूण रक्कम जाहीर करतो. त्या ओळीशेजारी समासात बारीक शिसपेन्सिलीने कुणीतरी लिहिले आहे: ‘बेरीज ३५० ने चुकते. पान ४१ पाहावे.’ अक्षर माझ्या ओळखीचे नाही. त्याच्याखाली दुसऱ्या हाताने एकच शब्द आहे, ‘तपासले’. पुढे तारीख, आणि ती ज्या ढबीने तिरपी रेघ ओढून बंद केली आहे, ती रेघ मी घरातल्या दुधाच्या वहीत प्रत्येक महिनाअखेरीस पाहिलेली आहे.