चाळीस टक्क्यांची रेघ

परीक्षेतल्या सवलतींचा इतिहास कायद्यापासून सुरू झाला असेल, असा आपला समज असतो. अध्ययन-अक्षमतेच्या बाबतीत तसे घडले नाही. संसदेच्या १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. त्यांत डिसलेक्सिया नव्हता. पण १९९६ साली महाराष्ट्र शासनाने अशा मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती मान्य केल्या: जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा, दुसऱ्या भाषेऐवजी कार्यानुभव, बीजगणित-भूमितीच्या जागी खालच्या इयत्तेचे अंकगणित. वर्गात 'ढ' किंवा 'आळशी' म्हणून मागच्या बाकावर गेलेल्या मुलाला शासनाच्या दप्तरात प्रथमच वेगळे नाव मिळाले.

या सवलतींची दुसरी बाजू क्वचितच बोलली जाते. निदानाच्या चाचण्या मुख्यतः इंग्रजीतल्या आणि तपासणीची केंद्रे मुंबईसारख्या शहरात. 'ड' आणि 'इ' यांत अडखळणाऱ्या, मराठी शाळेतल्या मुलाला इंग्रजी चाचणी काय सांगणार? माझ्या मते सवलत सर्वांसाठी होती, पण तिचा दाखला सर्वांसाठी नव्हता.

केंद्राच्या कायद्यात ही अक्षमता आली ती वीस वर्षांनी, २०१६ साली. प्रकार सातांवरून एकवीस झाले. मात्र अनेक लाभांसाठी कायद्याने चाळीस टक्क्यांची अट ठेवली. शिक्षणातल्या आणि नोकरीतल्या आरक्षणासाठी अशी रेघ लागते, हे समजू शकते. पण हात किती थकतो, हे टक्क्यांत कसे मोजायचे? ऑगस्ट २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनी लेखनिक आणि तासाला किमान वीस मिनिटांचा जादा वेळ दिला, तोही रेघेच्या वरच्यांनाच.

लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या एका उमेदवाराला संघ लोकसेवा आयोगाने लेखनिक नाकारला. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: लेखनिक मिळण्यासाठी चाळीस टक्क्यांची अट लावता येणार नाही. आरक्षण आणि उत्तर लिहिण्याची सोय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्यातला मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो.

त्याच वर्षी 'नीट' परीक्षेत डिसग्राफिया असलेल्या एका विद्यार्थिनीला तिच्या हक्काचा एक तास मिळालाच नाही. तिचे अपंगत्व चाळीस टक्के होते, म्हणजे ती रेघेच्या आतच होती. अडले ते परीक्षा केंद्रावर. २३ नोव्हेंबरच्या निकालात न्यायालयाने तिच्यावरचा अन्याय मान्य केला आणि तो कसा दूर करायचा, याचा विचार करण्यास परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेला सांगितले. फेरपरीक्षा मात्र नाकारली.

चाळीसहून कमी टक्के असलेल्यांसाठी वेगळ्या सूचना निघाल्या त्या १० ऑगस्ट २०२२ला. त्यांतही लिहिण्यात अडचण आहे असा वैद्यकीय दाखला आधी आणावा लागत असे.