चाळ, ऊन आणि कर

मराठी वाचकाच्या मनातली चाळ बव्हंशी साहित्यातून आलेली आहे. 'बटाट्याची चाळ' असो वा त्यानंतरची कथा-कादंबरी, तिथे चाळ भेटते ती माणसांचे गोत म्हणून. ती कोणी बांधली, कोणाच्या पैशातून, आणि खोलीत ऊन-वारा किती येत असे, हे प्रश्न आपल्या समीक्षेने फारसे विचारलेले नाहीत. ते विचारायचे, तर एकाच दशकातल्या दोन शहरांकडे पाहावे लागेल.

१९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या कारकिर्दीत मुंबईत 'डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' स्थापन झाले. कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधण्याचा संकल्प होता. त्यासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या गासडीमागे १ रुपया कर बसवला गेला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ इमारती उभ्या राहिल्या. याच त्या बीडीडी चाळी. एकेका इमारतीत ८० खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. वरळीच्या कितीतरी खोल्यांना भाडेकरूच मिळेनात. पुढे सविनय कायदेभंगाच्या काळात त्यांतल्या काही इमारतींचा तुरुंग झाला! घर आणि कोठडी यांच्यात सरकारला फारसा फरक करावा लागला नाही, हे त्या वास्तुरचनेवरचे सर्वांत बोलके भाष्य म्हणावे लागेल.

व्हिएन्नाची कथा वेगळी घडली, आणि तिचे मूळ एका प्रशासकीय निर्णयात आहे. १९२२च्या आरंभी त्या शहराला स्वतंत्र प्रांताचा दर्जा मिळाला, म्हणजेच स्वतःचे कर बसवण्याचा अधिकार मिळाला. अर्थकारभार पाहणाऱ्या ह्यूगो ब्राइटनर यांनी १९२३पासून घरबांधणी कर लागू केला. घर जितके आलिशान, तितका कराचा दर चढा. त्यातून १९३४पर्यंत ६०,०००हून अधिक घरे बांधली गेली. तिथल्या जुन्या भाड्याच्या इमारती भूखंडाचा जवळजवळ सगळा भाग गिळत. नव्या वसाहतींत निम्म्याहून अधिक जागा मोकळी सोडली जाई, आणि नळ व संडास घरातच आले. १९३० साली पूर्ण झालेल्या 'कार्ल मार्क्स होफ'मध्ये १,३८२ घरे आहेत. लांबी किलोमीटरहून अधिक, तरी बांधकाम भूखंडाच्या जेमतेम पाचव्या हिश्शावर. ऊर्जाबचत हा शब्द तेव्हा कोणाच्या ओठी नव्हता. दिवसा दिवा लावावा लागू नये, एवढेच पाहिले गेले.

(१९३४च्या फेब्रुवारीत याच इमारतीवर तोफा डागल्या गेल्या. घरबांधणी ही निव्वळ स्थापत्याची बाब नसते, हे तोफा डागणाऱ्यांनाही ठाऊक होते.)

१९९५पासून व्हिएन्नाने मोठ्या अनुदानित प्रकल्पांसाठी विकासकांच्या स्पर्धा सुरू केल्या. खर्च, वास्तुरचना आणि पर्यावरण या तिन्ही कसोट्यांवर परीक्षक-मंडळ प्रस्ताव तपासते. सामाजिक टिकाऊपणाची चौथी कसोटी पुढे जोडली गेली. कमी इंधनात ऊबदार राहणारे घर तिथे श्रीमंतांची हौस उरले नाही. ते अनुदानाच्या अटीतूनच आले.

आणि बीडीडी? २०२५च्या ऑगस्टमध्ये वरळीतल्या ५५६ कुटुंबांना उंच मनोऱ्यांतल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. हा खर्च कोणत्या करातून आलेला नाही. तो उरलेल्या जमिनीवर विक्रीसाठी बांधायच्या घरांतून भागवायचा आहे. विकायची घरे जितकी अधिक, तितकी इमारतींची दाटी अधिक. अशा दोन मनोऱ्यांमधून खालच्या मजल्यावर ऊन किती उतरते, आणि लिफ्ट व पंपाच्या विजेचे बिल गिरणी कामगाराच्या नातवाच्या पगारात कसे बसते, हे सांगणाऱ्या मराठी कथेची मी वाट पाहतो आहे.