मेदवेद, अलेक्झांडर

मेदवेद, अलेक्झांडर : (१६ सप्टेंबर १९३७ – २ सप्टेंबर २०२४). सलग तीन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणारे पहिले मल्ल. जन्म युक्रेनमधील बिला त्सेर्कवा येथे. लष्करी सेवेनिमित्त ते बेलारूसमध्ये आले आणि मिन्स्कमध्येच स्थायिक झाले.

सोव्हिएत संघातर्फे खेळताना १९६१ च्या जागतिक स्पर्धेत त्यांना कांस्यपदक मिळाले. १९६२ व १९६३ मध्ये ते जगज्जेते झाले. सर्वांत वरच्या वजनगटात तेव्हा त्यांच्याच देशाचे अलेक्झांडर इवानित्स्की खेळत, त्यामुळे मेदवेद ९७ किलो गटात उतरत. याच गटात त्यांनी १९६४ चे टोकियो ऑलिंपिक जिंकले. तेथे रौप्यपदक मिळवणाऱ्या तुर्कस्तानच्या अहमत आयिक यांनी पुढच्याच वर्षी मँचेस्टर येथे त्यांच्याकडून जागतिक विजेतेपद हिसकावले. १९६६ मध्ये मेदवेद यांनी ते परत मिळवले.

१९६७ ची जागतिक स्पर्धा नवी दिल्लीत झाली. भारताच्या बिशंबर सिंग यांनी रौप्यपदक मिळवले ती हीच स्पर्धा. तीत मेदवेद ९७ किलोवरील गटात आले आणि विजयी झाले. या गटातील अनेक प्रतिस्पर्धी त्यांच्याहून वजनदार असत. अंगावर वजन घेऊन ताकद आजमावण्यापेक्षा मेदवेद चपळाईने पटात शिरत आणि एका डावातून दुसरा डाव काढत; अवजड गटाच्या कुस्तीला त्यांनी दिलेली ही सर्वांत मोठी देणगी होय. मेक्सिको ऑलिंपिकमध्ये (१९६८) पश्चिम जर्मनीच्या विल्फ्रीड डीट्रिखविरुद्ध त्यांचा अंगठा निखळला. तो स्वतःच जागेवर बसवून त्यांनी कुस्ती चालू ठेवली आणि पुढे सुवर्णपदक जिंकले. १९६९ ते १९७१ या तिन्ही वर्षी ते जगज्जेते होते. त्यांची एकूण जागतिक विजेतेपदे सात.

म्यूनिक येथे (१९७२) १०० किलोवरील गटात पहिल्याच फेरीत त्यांची गाठ १८० किलोंहून अधिक वजनाच्या अमेरिकन क्रिस टेलरशी पडली. मेदवेद गुणांवर निसटते जिंकले, पण पंचाचा निर्णय इतका वादग्रस्त ठरला की त्याला त्या स्पर्धेत पुढे काम दिले गेले नाही. पुढे त्यांनी सुवर्णपदकही जिंकले; एका निर्णयाच्या वादाने त्याचे मोल कमी होत नाही. बल्गेरियाचे ओस्मान दुरालियेव्ह सलग दुसऱ्यांदा त्यांच्या मागे रौप्यपदकावर राहिले. त्यानंतर मेदवेद यांनी मॅटचे चुंबन घेऊन निवृत्ती पत्करली. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये पंचांच्या वतीने शपथ घेण्याचा मान त्यांना मिळाला. मिन्स्क येथे त्यांच्या नावाने आंतरराष्ट्रीय फ्रीस्टाईल कुस्ती स्पर्धा भरते.