दोन खाचांचं हँडल

दादरच्या हिंदू कॉलनीत, माटुंग्याला फाइव्ह गार्डन्सच्या बाजूला, शिवाजी पार्कच्या कडेने दुसऱ्या महायुद्धाआधी बांधलेल्या कितीतरी इमारती अजून उभ्या आहेत. त्यांतल्या एखाद्या घरात मूळची पोलादी खिडकी शिल्लक असेल तर तिचं हँडल जरा निरखून बघा. पितळेचं असतं, मुठीत सहज मावेल एवढं. मुळाशी एक पट्टी, ती झडपेवर स्क्रूंनी बसवलेली. आणि मानेखाली, चौकटीच्या बाजूला, एक नाक. त्या नाकाला दोन खाचा असतात. चौकटीवरच्या छोट्या पट्टीत एक खाच अडकवली की झडप घट्ट बंद. दुसरी अडकवली की झडप बोटभर उघडी राहते, पण वाऱ्याने हलत नाही, आपटत नाही. पावसाळ्याच्या रात्री घरात झड नको पण हवा तर हवी, त्यासाठी ही दुसरी खाच. मी आयुष्यभर आयटीआयमध्ये फिटरचा ट्रेड शिकवला. इतक्या थोड्या धातूत इतकं काम करणारी दुसरी वस्तू मला घरात दाखवता येणार नाही.

निवृत्त झाल्यावर शेजारपाजारचे लोक तुटलेली हँडलं घेऊन येऊ लागले. त्यांना बहुतेक वेळा कुणीतरी सांगितलेलं असतं, ‘आता हे मिळत नाही, खिडकीच बदला.’ हँडल तुटलं म्हणून सबंध खिडकी भंगारात जाते, याचं मला फार वाईट वाटतं. कारण ही खिडकी बनवणाऱ्यांनी हँडल बदलता यावं म्हणूनच ते स्क्रूने बसवलं होतं.

आधीच्या घरांत हा प्रश्न नव्हता. वाड्याच्या खिडकीला लाकडी झडपा, बाहेर गज, आणि आतून खिटी नाहीतर कडी-कोयंडा. खिटी मोडली तर सुतार तिथेच उकिडवा बसून सागाच्या तुकड्यातून दुसरी तासून द्यायचा. कडी लोहाराकडून यायची. प्रत्येक खिडकी वेगळी, तिची खिटीही वेगळी, आणि तरी दुरुस्ती सोपी, कारण करणारा हाकेच्या अंतरावर होता. कारखान्यातून आलेल्या हँडलाचं तसं नाही. तिथे माप जुळावं लागतं, आणि माप ठरवणारा माणूस समुद्रापलीकडे बसलेला होता.

फ्रान्सिस हेन्री क्रिटॉल हा तो माणूस. इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातल्या ब्रेनट्री गावात त्याच्या घराण्याचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. 1884 मध्ये त्याने धातूची खिडकी बनवायला सुरुवात केली, आणि पुढे त्याच्या नावाची कंपनी पोलादी खिडक्यांसाठी जगभर ओळखली गेली. गरम पोलाद रुळांतून लाटून काढलेल्या बारीक पट्ट्या, त्यांची चौकट, त्यात काच, कडेने लांबी म्हणजे पुट्टी. लाकडाच्या चौकटीने जेवढा उजेड अडतो त्याच्या कितीतरी कमी यात अडतो.

पण मुंबईला ही खिडकी हवीशी का वाटली, याचं कारण इंग्लंडमध्ये नाही. ते इथेच, 1896 च्या प्लेगमध्ये आहे. मांडवीपासून साथ पसरली, आणि अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत माणसं मेली. 1898 मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला तो या शहरात उजेड आणि वारा आणण्यासाठी. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम हिरिरीने पुढे नेला. हा आकडा विचित्र वाटतो, पण वर्गात मी तो असा सांगायचो: साडेत्रेसष्ट अंश म्हणजे दोनास एक हा चढ. खिडकीसमोर दहा फूट मोकळी जागा असेल तर समोरची भिंत वीस फुटांपेक्षा उंच नको. दादर-माटुंग्याची वसाहत ही याच ट्रस्टची योजना. 1933 मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला तरी आखणी होऊन गेली होती. आज त्या गल्ल्यांत दोन इमारतींमध्ये जी मोकळी जागा दिसते, ती त्या नियमाची देणगी आहे.

जागा सोडली, आता खिडकी मोठी हवी. 1930 च्या दशकात सिमेंट काँक्रीटचा सांगाडा आला. भार खांबांवर गेला, भिंतीला मोठं भोक ठेवता येऊ लागलं, कोपऱ्याला वळसा घालणारी खिडकीसुद्धा शक्य झाली. मरीन ड्राइव्हच्या आणि ओव्हलच्या आर्ट डेको इमारती याच काळातल्या. त्यांना 2018 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळालं. दादरच्या इमारती त्या यादीत नाहीत, पण वळण तेच. 1937 मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने मुंबईच्या टाउन हॉलमध्ये ‘आयडियल होम’ प्रदर्शन भरवलं. 1939 मध्ये पुण्याचे इंजिनिअर आर. एस. देशपांडे यांचं ‘मॉडर्न आयडियल होम्स फॉर इंडिया’ निघालं. आपलं घर कसं असावं हा विचार मध्यमवर्ग त्या दिवसांत उत्साहाने करत होता.

या खिडक्यांची एक गोष्ट मला हँडलाइतकीच आवडते, ती म्हणजे त्यांची बिजागरी. ती झडपेला चौकटीच्या बाहेर पुढे ढकलते, त्यामुळे झडप उघडली की बिजागरीच्या बाजूला हात जाईल एवढी फट राहते. तिसऱ्या मजल्यावरची बाई खिडकीबाहेर न लोंबकळता काचेची बाहेरची बाजू पुसू शकते. झडपेच्या खालच्या अंगाला भोकांची पट्टी असते, ती चौकटीवरच्या खुंटीत अडकवायची. जेवढी भोकं सोडाल तेवढी झडप उघडी. हँडल, पट्टी, बिजागरी या तिघांची मिळून ही खिडकी होते. म्हणून हँडल तुटलं की मी आधी बाकीच्या दोघांकडे बघतो.

हँडल सहसा आपण होऊन तुटत नाही, ते तोडलं जातं. मुंबईची हवा खारी. जुन्या चौकटींवर शेंदरी प्रायमर आणि वर ऑइलपेंट, एवढंच संरक्षण. रंग उडाला की गंज धरतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा खातो. तो झडप आणि चौकट यांच्यामध्ये फुगतो. झडप बसत नाही, मग माणूस हँडलावर सगळं वजन टाकतो आणि मान मोडते. अशा खिडकीला नवं हँडल लावलं तर तेही वर्षभरात मोडेल. आधी गंज खरवडायचा, बिजागरीत तेल सोडायचं, झडप एका बोटाने मिटेल इतकी हलकी करायची, मगच हँडल. आणि खरवडताना तो जुना शेंदरी थर ओला करून घ्यायचा, नाकातोंडाला फडकं नव्हे, चांगला मास्क लावायचा, पोरांना त्या खोलीतून बाहेर काढायचं. शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. त्याची कोरडी धूळ पोटात जाणं वाईट.

रंग वेळेवर का लागले नाहीत? याला कायद्याचा इतिहास आहे. युद्धात घरं अपुरी पडली, भाडी भडकली, आणि 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांचं प्रमाणित भाडं 1 सप्टेंबर 1940 रोजी असलेल्या भाड्याला बांधलं. भाडेकरूंच्या डोक्यावरचं छप्पर त्यामुळे टिकलं, हे मी कधीही नाकारणार नाही. माझ्या आईवडिलांनी त्याच आधारावर संसार केला. पण त्या भाड्यात मालक खिडक्या रंगवेना, आणि घर आपलं नाही म्हणून भाडेकरूही हात आखडता घेई. 1969 मध्ये जुन्या इमारतींसाठी दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला, त्यासाठी उपकर सुरू झाला. मंडळाचं लक्ष साहजिकच खांब, तुळया, जिने यांच्याकडे. हँडल कुणाच्याच वाट्याला आलं नाही. सुतळीने बांधलेल्या, काथ्याने ओढून ठेवलेल्या झडपा मी लहानपणापासून बघत आलो.

मधल्या काळात मापंही बदलली. वजनमापांचा दशमान कायदा 1956 चा. 1958 पासून टप्प्याटप्प्याने इंच जाऊन मिलिमीटर आले. पोलादी खिडक्यांसाठी भारतीय मानक संस्थेचा आयएस 1038 निघाला, त्यात खिडक्यांची मापं 10 सेंटिमीटरच्या पटीत बसवलेली. याच मानकात दोन खाचांचं नाकवालं हँडल सांगितलेलं आहे, खिडकी पूर्ण मिटलेली आणि किंचित उघडी अशा दोन्ही स्थितींत धरणारं. तीस फुटांच्या गल्लीतल्या भाड्याच्या खोलीपासून सरकारी क्वार्टरपर्यंत, शाळांपासून दवाखान्यांपर्यंत, पुढची काही दशकं हीच खिडकी गेली. म्हणजे हँडल राहिलं, पण स्क्रूचे आटे बदलले. युद्धापूर्वीच्या खिडकीत व्हिटवर्थचे इंची आटे, त्यांचा कोन 55 अंशांचा. नव्यात मेट्रिक, 60 अंशांचा. डोळ्याला दोन्ही सारखे दिसतात. स्क्रू दोन फेरे जातो आणि अडतो, मग मिस्त्री जोर लावतो आणि झडपेतले आटे जातात. जुन्या हँडलासोबत त्याचा जुना स्क्रू टाकून देऊ नका, असं मी प्रत्येकाला सांगतो ते एवढ्याचसाठी.

बाजारात जाताना चार गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात. घरात उभं राहून बघितलं तर हँडल डावं की उजवं. नाक एकाच अंगाला असतं, त्यामुळे डावं हँडल उजव्या झडपेला चालत नाही. मुळाच्या पट्टीतल्या भोकांचं मधोमध अंतर. पट्टीच्या तळापासून नाक किती खाली येतं ते. हे माप दोन मिलिमीटरने चुकलं तर खाच पट्टीला पोचत नाही किंवा तिच्यावर चढून बसते. आणि आटे. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला जुन्या दुकानांत अजून पितळी हँडलं मिळतात. पुण्यात बोहरी आळीत विचारावं. चोर बाजारात पाडलेल्या इमारतींची मूळ हँडलं येतात, रंगाचे सात थर चढलेली. ती घेताना नाक तपासा. खाच झिजून गोल झाली असेल तर ते हँडल शोभेचं. चकचकीत मुलामा दिलेली हलकी हँडलं मात्र घेऊ नयेत. ती जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असतात, आणि मानेतून कट्कन तुटतात. हातात वजन कळतं, आणि कानशीचा एक घाव तळाशी मारला की आतला करडा रंग दिसतो.

मिळालंच नाही तर ओतून घेता येतं. पितळेचं ओतकाम करणाऱ्याला चांगलं हँडल नमुना म्हणून द्यायचं, तो वाळूत साचा उठवतो. फक्त एक लक्षात ठेवायचं: पितळ निवताना शेकडा दीडच्या आसपास आक्रसतं. नमुना जसाच्या तसा दिला तर 100 मिलिमीटरचं हँडल साडेअठ्ठ्याण्णवचं होऊन येतं, आणि नाकही तेवढंच आखूड. म्हणून मी नमुन्याच्या नाकावर आणि पट्टीच्या तळावर लांबीचा पातळ थर चढवून, घासून देतो. ओतून आलेलं नाक जाडच असावं. कानस घेऊन खिडकीशीच उभं राहायचं, थोडं घासायचं, लावून बघायचं, पुन्हा घासायचं. घासलेलं परत येत नाही, म्हणून इथे घाई नको. स्क्रू घट्ट करताना पितळ आणि पोलाद यांच्यामध्ये ग्रीसचा हात फिरवावा. खाऱ्या ओलीत हे दोन धातू एकमेकांना टेकले की पोलाद आधी खाल्लं जातं.

अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांना मी नावं ठेवत नाही. गंजत नाहीत, स्वस्त पडतात, म्हाताऱ्या माणसाला सरकवायला सोप्या. पण दोन रुळांच्या सरकत्या खिडकीत कधीही अर्धीच जागा उघडते. ज्या भोकासाठी प्लेगनंतर एवढा खटाटोप झाला, त्यातला अर्धा वारा आपण आपल्या हाताने परत केला.

आता या इमारती एकेक करून पुनर्विकासाला चालल्या आहेत. तो व्हायला हवा, लोकांना लिफ्ट हवी, पाणी हवं, पक्कं घर हवं. माझं मागणं लहान आहे. घर रिकामं करताना, पाडणाऱ्यांच्या हाती किल्ली जाण्याआधी, स्क्रू-ड्रायव्हर घेऊन अर्धा तास बसा. स्क्रूवर आदल्या रात्री तेल सोडा. हँडलं, भोकांच्या पट्ट्या आणि चौकटीवरच्या छोट्या पट्ट्या काढा, स्क्रूंसकट एकेका पाकिटात घाला, पाकिटावर डावं-उजवं लिहा. शेजारच्या इमारतीत कुणाला तरी नेमकं तेच डावं हवं असतं.