स्क्लेरोडर्मा: त्वचेपासून बोटांच्या हाडांपर्यंत

‘स्क्लेरोडर्मा’ या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ ‘कडक त्वचा’. १७५३ मध्ये नेपल्सचे डॉ. कार्लो कुर्झिओ यांनी १७ वर्षांच्या एका मुलीच्या लाकडासारख्या कडक झालेल्या त्वचेचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे बराच काळ हा त्वचेचाच आजार मानला गेला.

१८६२ मध्ये पॅरिसच्या मॉरिस रेनॉ यांनी थंडीत बोटे पांढरी-निळी पडण्याच्या विकारावर प्रबंध लिहिला. स्क्लेरोडर्मात बहुधा हेच पहिले लक्षण असते. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला आणि आतले नुकसानही दिसू लागले. रक्तपुरवठा कमी पडल्याने बोटांच्या टोकांची हाडे झिजतात, त्वचेखाली कॅल्शियम साठते. ताणलेल्या त्वचेमुळे सांधे आखडून बोटे वाकतात.

आपल्या जळगाव-धुळ्यात हिवाळ्याच्या पहाटे बोटे गारठतातच. पण ती पांढरी-निळी पडत असतील, सुजून अंगठी घट्ट होत असेल, तर ‘थंडीच आहे’ म्हणून सोडून देऊ नका, संधिवाततज्ज्ञांना दाखवा. हात उबदार ठेवा, बिडी-तंबाखू सोडा, सांगितलेले बोटांचे व्यायाम रोज करा. आखडलेले बोट पुन्हा सरळ करणे फार अवघड असते. ते आखडू न देणे त्यामानाने सोपे.