मुखकर्करोग-प्रतिबंधक सवयी

मुखकर्करोग-प्रतिबंधक सवयी : ओठ, गाल, हिरड्या, जीभ व टाळू यांच्या कर्करोगाचा धोका कमी करणाऱ्या रोजच्या सवयी. भारतीय पुरुषांत हा कर्करोग सर्वाधिक आढळतो. तंबाखू आणि सुपारी ही त्याची मुख्य कारणे असल्याने इथे नवी सवय लावण्यापेक्षा जुनी मोडण्याचाच भाग मोठा आहे.

तंबाखू डाव्या तळव्यावर घेऊन, डबीतला चुना लावून, अंगठ्याने मळून खालच्या ओठात किंवा गालात ‘बार’ भरतात. चुन्यामुळे निकोटीन लवकर सुटे होऊन रक्तात जाते. तंबाखूतली नायट्रोसअमाइन ही कर्ककारक द्रव्ये मात्र त्याच जागी तासन्‌तास त्वचेला भिडून राहतात. पाश्चात्त्य देशांत हा रोग जिभेवर जास्त दिसतो, तर भारतात गाल व खालची हिरडी यांमधल्या खाचेत. बार ठेवण्याची जागाही तीच.

स्त्रियांमधील सवय वेगळी आणि पुष्कळदा नजरेआड राहणारी. तंबाखूची पाने तव्यावर काळी होईपर्यंत भाजून चुरली की मशेरी (मिश्री) तयार होते. भाजताना शेजारच्या घरापर्यंत ठसका जातो. सुरुवात दात घासण्यापासून होते. पुढे मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, कामाला हात लागत नाही, अशी तक्रार सुरू होते आणि दिवसातून चार-पाच वेळा बोट डबीत जाते. ती तक्रार खोटी नसते. निकोटीनची लत म्हणजे दुसरे काय? १९९२ पासून टूथपेस्ट व दंतमंजनात तंबाखू घालण्यास देशभर बंदी आहे. घरच्या तव्यापर्यंत मात्र कोणताच कायदा पोहोचत नाही.

सुपारीबद्दलचा गैरसमज अधिक घट्ट आहे. चंची, अडकित्ता आणि विडा यांना पाहुणचारात मान. त्यामुळे ‘तंबाखू सोडली, आता नुसती सुपारी’ असे लोक अभिमानाने सांगतात. हे अर्धेच सोडणे होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये तंबाखूविरहित सुपारीलाही निश्चित कर्ककारकांत घातले. सुपारीने गालाची आतली त्वचा तंतुमय होऊन आखडते. हा विकार १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी केनियातील पाच भारतीय स्त्रियांत नोंदवला आणि पुढच्याच वर्षी मुंबईचे डॉ. जोशी यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. आधी तिखट सोसत नाही, मग जबडा पुरता उघडत नाही. पाणीपुरी तोंडात जाईना तेव्हा कुठे माणूस डॉक्टरकडे जातो. आखडलेला जबडा पूर्ववत होणे कठीण असते. विदर्भातला खर्रा, पश्चिम महाराष्ट्रातला मावा आणि गुटखा यांत तंबाखू व सुपारी दोन्ही असतात. महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली; त्यावर पानमसाला व तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत विकण्याची पळवाट निघाली.

सोडण्याचा उपयोग होतो, हे भारतातच दिसून आले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील फली मेहता व प्रकाश गुप्ता यांच्या गटाने महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांच्या तोंडाची तपासणी करून १९७२ मध्ये निष्कर्ष मांडले. याच गटाने पुढे इतर राज्यांतील सुमारे ३६,००० तंबाखूसेवकांना ती सोडण्याचा सल्ला देऊन वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. ज्यांनी सोडली त्यांच्यात कर्करोगपूर्व पांढरे चट्टे कमी उद्भवले. सोडताना जेवणानंतरची किंवा पहाटेची ठरलेली वेळ सर्वांत अवघड जाते. त्या वेळी तोंडात बडीशेप, ओवा किंवा लवंग ठेवावी. ‘सुगंधी सुपारी’ नव्हे. सल्ल्यासाठी तंबाखूच्या पाकिटावर १८००-११-२३५६ हा निःशुल्क क्रमांक छापलेला असतो.

विडी-सिगारेट आणि दारू दोन्ही असल्यास धोका नुसता बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढतो. भाज्या-फळे भरपूर खाणाऱ्यांत हा रोग कमी आढळतो, पण पालेभाजी खाऊन तंबाखूचा हिशेब फिटत नाही.

राहिली आरशाची सवय. महिन्यातून एकदा उजेडात, चूळ भरून, गाल बोटाने ओढून आतली बाजू पाहावी. जीभ उचलून तिच्या खाली आणि दोन्ही कडांना पाहावे. स्वतःची तीन बोटे उभी धरून दातांमध्ये शिरतात का तेही बघावे. न पुसला जाणारा पांढरा वा लाल चट्टा, गाठ, किंवा तीन आठवड्यांत न भरणारे तोंडातले व्रण दिसल्यास, दुखत नसले तरी, दंतवैद्याला दाखवावे. सुरुवातीचा कर्करोग बहुधा दुखत नाही, आणि लोक फसतात ते इथेच. १९९६ पासून तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन लोकांची तोंडे तपासली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तपासणी झालेल्या गटातील तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाले होते.