तळटीप : रत्नागिरीच्या गावांतील लिंग गुणोत्तर

लिंग गुणोत्तर म्हणजे दर १,००० पुरुषांमागे असलेली स्त्रियांची संख्या. २०११च्या जनगणनेत ते महाराष्ट्रात ९२९, तर रत्नागिरी जिल्ह्यात १,१२२ भरले. मात्र हा आकडा मुलींच्या जन्माचे स्वागत दाखवीत नाही, तो मुख्यतः मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांचा हिशेब आहे, कारण जनगणना माणसाला त्याच्या नेहमीच्या वास्तव्याच्या ठिकाणी मोजते, आणि गणपती-शिमग्याला हमखास गावी येणारा घरचा कर्ता फेब्रुवारीतल्या मोजणीत परळ किंवा नालासोपाऱ्याच्या खोलीत नोंदला जातो. मुलींच्या जन्माचा अंदाज घ्यायचा, तर ० ते ६ वयोगटाचे गुणोत्तर (राज्यात ८९४) पाहणेच योग्य. ‘गाव’ येथे महसुली अर्थाने, म्हणजे सर्व वाड्या धरून, घेतले आहे.